मुलाचा अपस्मार आणि कीटोजेनिक आहार : घरी सुरुवात करणाऱ्या पालकांसाठी

योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ देऊनही मुलाला फिट येतच राहतात, तेव्हा त्याचा अपस्मार औषधांना दाद देत नाही असे डॉक्टर म्हणतात. ‘इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी’ या संघटनेने ही व्याख्या २०१० साली निश्चित केली. अपस्माराच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या वाट्याला ही अवस्था येते. इथून पुढे तिसरे किंवा चौथे औषध जोडून फिट पूर्ण थांबण्याची शक्यता बरीच कमी होत जाते, आणि म्हणूनच बालमेंदूविकारतज्ज्ञ याच टप्प्यावर दोन गोष्टींचा विचार करतात : शस्त्रक्रिया करता येण्याजोगा दोष मेंदूत आहे का, आणि नसल्यास कीटोजेनिक, म्हणजे भरपूर चरबीचा आणि अत्यल्प पिष्टाचा, आहार सुरू करावा का. शस्त्रक्रियेचा प्रश्न आधी निकालात काढून घ्यावा. शस्त्रक्रियेने बरे होऊ शकणारे मूल केवळ आहाराचा प्रयोग चालू आहे म्हणून वर्षभर ताटकळत राहू नये.

हा लेख डॉक्टरांनी आहार सुचवलेला आहे, पण घरी नेमके काय करायचे हे अजून उमगलेले नाही, अशा आईवडिलांसाठी आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट ठाम सांगायला हवी. वजन कमी करण्यासाठी मोठी माणसे जे ‘कीटो’ करतात त्याचा आणि या उपचाराचा नावापुरताच संबंध आहे. हा आहार औषध आहे. त्याची मात्रा ग्रॅममध्ये ठरते, त्याचे दुष्परिणाम असतात आणि तो बालमेंदूविकारतज्ज्ञ व प्रशिक्षित आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीशिवाय, मोबाईलवरचा तक्ता पाहून, कधीही सुरू करू नये.

आहार नेमके काय करतो

उपास केल्यावर फिट कमी होतात, हे निरीक्षण फार जुने आहे; पण मूल कायमचे उपाशी ठेवता येत नाही. १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. रसेल वाइल्डर यांनी असे सुचवले की, भरपूर स्निग्ध पदार्थ आणि अत्यल्प पिष्टमय पदार्थ दिले तर शरीर उपासाच्याच अवस्थेत राहील आणि मुलाचे पोषणही होईल. साखर मिळेनाशी झाली की यकृत चरबीपासून कीटोन तयार करते आणि मेंदू ते इंधन म्हणून वापरू लागतो. या बदललेल्या इंधनावर मेंदूतील पेशींची अनावर उत्तेजना अनेक मुलांमध्ये शांत होते. १९३८ मध्ये फेनिटॉइन हे फिटचे औषध आल्यावर हा आहार मागे पडला. गोळी देणे सोपे होते, आणि घरातल्या माणसांना रोज तीन वेळा वजनकाटा घेऊन बसणे अवघड होते. नव्वदच्या दशकात त्याकडे पुन्हा लक्ष गेले.

पुरावा विचाराल, तर लंडनमध्ये झालेला आणि २००८ साली प्रसिद्ध झालेला एक नियंत्रित अभ्यास आहे. त्यात आहारावर असलेल्या ३८ टक्के मुलांच्या फिट तीन महिन्यांत निम्म्याहून अधिक घटल्या. आहार न दिलेल्या गटात हे प्रमाण ६ टक्के होते. दिल्लीच्या ‘एम्स’मधील डॉक्टरांनी सुधारित ॲटकिन्स आहारावर (कीटोजेनिक आहाराच्या थोड्या सैल प्रकारावर) केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात हेच आकडे ५२ टक्के आणि साडेअकरा टक्के असे होते, आणि ती मुले आपल्यासारख्याच स्वयंपाकघरांत जेवणारी होती. याचा अर्थ असाही होतो की, बऱ्याच मुलांना आहाराचा पुरेसा उपयोग होत नाही. ही शक्यता मनात ठेवूनच सुरुवात करावी, म्हणजे तीन महिन्यांनी निर्णय घेताना स्वतःला दोष दिला जात नाही.

काही आजारांत मात्र हा आहार शेवटचा नव्हे, तर पहिला उपचार ठरतो. मेंदूपर्यंत ग्लुकोज पोहोचवणारे प्रथिन सदोष असल्याने होणारा ग्लुट-१ कमतरतेचा आजार आणि पायरुव्हेट डिहायड्रोजनेज या विकराची कमतरता हे असे दोन आजार आहेत. अर्भकांमधील स्पाझम, ड्रावे सिंड्रोम, डूझ सिंड्रोम आणि ट्यूबरस स्क्लेरोसिस यांतही त्याचा चांगला उपयोग होतो. आपल्या मुलाच्या अपस्माराला नेमके नाव आहे का, हे डॉक्टरांना विचारून लिहून घ्यावे.

पहिली पायरी : सुरू करण्यापूर्वीच्या तपासण्या

काही मुलांसाठी हा आहार घातक असतो. ज्यांच्या शरीरात चरबीचे ज्वलन करणारी यंत्रणाच जन्मतः सदोष असते, अशा मुलांना साखर बंद करून चरबीवर ठेवले, तर ती गंभीर आजारी पडू शकतात. कार्निटिनची (चरबी ज्वलनासाठी पेशींत आत नेणाऱ्या द्रव्याची) जन्मजात कमतरता, मेदाम्लांच्या ज्वलनातील दोष, पायरुव्हेट कार्बोक्सिलेजची कमतरता आणि पॉर्फिरिया या आजारांत हा आहार देत नाहीत. म्हणून रक्तातील अ‍ॅसिलकार्निटिन, लॅक्टेट आणि लघवीतील सेंद्रिय आम्ले यांच्या तपासण्या आधी केल्या जातात. यांचा अहवाल यायला वेळ लागतो आणि पालकांचा धीर सुटू लागतो, पण या तपासण्यांना फाटा देऊ नये. यांखेरीज यकृत, मूत्रपिंड, क्षार, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि उपाशीपोटीची चरबी यांची नोंद होते. घरात कोणाला मुतखडा झालेला असेल, तर तेही सांगावे.

याच काळात घरी दोन कामे करायची आहेत. एक म्हणजे फिटची वही. किमान चार आठवडे रोज किती फिट आल्या, कोणत्या प्रकारच्या होत्या आणि किती वेळ चालल्या हे लिहावे. मान एकदम खाली पडणे, नजर शून्यात लागणे आणि अंग ताठ होऊन थरथरणे या वेगवेगळ्या रकान्यांत नोंदवाव्यात, कारण आहाराने एक प्रकार थांबतो आणि दुसरा तसाच राहतो असेही घडते. ही आधीची मोजणी नसेल, तर पुढे ‘बरे वाटतेय’ आणि ‘फिट निम्म्या झाल्या’ यांतला फरक कोणालाच सांगता येणार नाही. दुसरे काम म्हणजे मुलाच्या पोटात जाणाऱ्या प्रत्येक औषधाची यादी, नाव आणि स्वरूपासह. तिचा उपयोग पुढे येईल.

दुसरी पायरी : आहाराचा प्रकार ठरवणे

मूळच्या, म्हणजे क्लासिक आहारात स्निग्ध पदार्थांचे वजन एका बाजूला आणि प्रथिने व पिष्टमय पदार्थ यांचे एकत्रित वजन दुसऱ्या बाजूला धरतात. ४:१ म्हणजे ४ ग्रॅम स्निग्धांशामागे बाकी दोन्ही मिळून १ ग्रॅम. या प्रमाणात दिवसाची ९० टक्के ऊर्जा चरबीतून येते. समजा, एका लहान मुलाला दिवसाला १००० कॅलरी द्यायच्या आहेत. ४ ग्रॅम चरबीच्या ३६ आणि १ ग्रॅम प्रथिने वा पिष्टाच्या ४ अशा मिळून ४० कॅलरींचा एक एकक होतो. १००० कॅलरींसाठी असे २५ एकक लागतात, म्हणजे १०० ग्रॅम चरबी आणि उरलेले दोन्ही मिळून २५ ग्रॅम. वाढीसाठी १५ ग्रॅम प्रथिने ठेवली, तर पिष्टमय पदार्थांसाठी दिवसभरात अवघे १० ग्रॅम उरतात. गाईच्या दुधाच्या एका पेल्यातच साधारण इतकी साखर असते. घरच्या मध्यम पोळीत तर याच्या दुप्पट पिष्ट असते. हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने कागदावर मांडून पाहावा. ‘एवढ्याशा घासाने काय होतंय’ या प्रश्नाचे उत्तर त्यात मिळते.

सुधारित ॲटकिन्स आहार थोडा सैल असतो. त्यात पिष्टमय पदार्थ दिवसाला १० ते २० ग्रॅम इतकेच ठेवतात, तूप-तेल भरपूर देतात, प्रथिने मात्र तोलून द्यावी लागत नाहीत. एमसीटी (मध्यम लांबीच्या मेदाम्लांच्या) तेलावर आधारलेला आणि कमी ग्लायसेमिक निर्देशांकाचा, म्हणजे रक्तातील साखर हळू वाढवणाऱ्या पदार्थांचा, असे आणखी दोन प्रकार आहेत. निवड डॉक्टरांची असते, तरी माझे मत असे की, दोन वर्षांखालील मूल, नळीवाटे अन्न घेणारे मूल किंवा ग्लुट-१चा रुग्ण यांच्यासाठी क्लासिक आहाराची काटेकोर शिस्त सोसणे योग्य ठरते, तर शाळेत जाणाऱ्या, स्वतःच्या हाताने जेवणाऱ्या मुलासाठी सुधारित ॲटकिन्स आहार घरात टिकण्याची शक्यता अधिक असते. आईवडील दोघेही कामावर जात असतील आणि मूल दिवसभर आजी-आजोबांकडे किंवा पाळणाघरात राहत असेल, तर हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. टिकणारा सैल आहार मधूनमधून मोडणाऱ्या कडक आहारापेक्षा बरा.

तिसरी पायरी : स्वयंपाकघराची तयारी

डिजिटल वजनकाटा ही पहिली खरेदी. क्लासिक आहारासाठी ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्यावा आणि त्याचे जादा सेल घरात ठेवावेत. काट्यावर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्य करायचा, मग पदार्थ घालायचा, ही सवय घरातल्या प्रत्येकाला लावावी. तक्त्यात वजन कच्च्या पदार्थाचे दिले आहे की शिजवलेल्या, हे प्रत्येक ओळीसमोर लिहून ठेवावे. पालक शिजल्यावर पाणी सुटून वजनात इतका फरक पडतो की, सगळे प्रमाण बिघडते. अंडे फोडून, पांढरे-पिवळे एकत्र फेटून मगच तोलावे. थंडीत थिजलेले तूप आधी पातळ करून घ्यावे.

सायीबद्दल सांगायलाच हवे, कारण आपल्याकडे प्रत्येक घरात ती असते आणि ती उत्तम स्निग्ध पदार्थ आहे असे वाटते. घरच्या सायीत स्निग्धांश किती हे रोज बदलते. आज म्हशीचे दूध होते, उद्या पिशवीचे असते, सायीबरोबर दूधही येते. तोलून द्यायच्या आहारात म्हणून पाकीटबंद क्रीम घ्यावे, ज्यावर स्निग्धांश छापलेला असतो. आपल्या बाजारात तो बहुधा २५ टक्के असतो. पनीरचेही तसेच आहे. तूप, लोणी, खोबरेल तेल आणि शेंगदाण्याचे तेल हे मुख्य आधार. ओले खोबरे, तीळ, जवस, बदाम आणि अक्रोड मोजून वापरता येतात. शेंगदाण्यात पिष्ट बरेच असते, त्यामुळे त्याला हात आखडता. भाज्यांत पालक, मेथी, दुधी, फ्लॉवर, कोबी, काकडी आणि ढोबळी मिरची चालतात. मांसाहारी घरांना हा आहार सोपा जातो. बांगडा, सुरमई, कोंबडी आणि अंडी यांत पिष्ट जवळजवळ नसतेच. शुद्ध शाकाहारी घरांतही तो नीट होतो, फक्त डाळी आणि कडधान्ये प्रथिनांबरोबर पिष्टही आणतात हे धरून पनीर, टोफू आणि बदाम यांवर भर द्यावा लागतो.

आपल्या उपासाच्या पदार्थांचा इथे काही उपयोग नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. वरी, रताळे आणि बटाटा हेही वर्ज्य. चतुर्थीला ‘आज उपास आहे, मग खिचडीचा एक घास चालेल’ असे कोणीतरी म्हणतेच, तेव्हा हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

चौथी पायरी : एक जेवण, जवळून

वरच्याच १००० कॅलरींच्या उदाहरणात दिवसाची तीन जेवणे धरली, तर प्रत्येकात सुमारे ३३ ग्रॅम चरबी, ५ ग्रॅम प्रथिने आणि ३ ग्रॅमच्या थोडे वर पिष्ट यायला हवे. फेटलेले अंडे २५ ग्रॅम, फ्लॉवरचे तुरे ४० ग्रॅम, २५ टक्क्यांचे क्रीम ४० ग्रॅम आणि तूप २१ ग्रॅम घेतले की हा हिशेब जमतो. (हे फक्त समजण्यासाठी आहे, तुमच्या मुलाचे आकडे त्याचे वजन, वय आणि वाढ पाहून आहारतज्ज्ञच काढतील.) फ्लॉवर वाफवून बारीक कुस्करायचा, थोड्या तुपात जिरे आणि हिंग घालून परतायचा, वरून अंडे घालून भुर्जी करायची आणि उरलेले तूप उतरवल्यावर मिसळायचे. क्रीम वेगळ्या वाटीत, थंड, चिमूटभर वेलदोड्याची पूड घालून द्यायचे.

आता ताटात काय उरते ते पाहा. भुर्जी संपते, पण कढईच्या कडेला, ताटाच्या तळाला आणि चमच्याच्या पाठीवर तुपाचा थर राहतो. तो तीन-चार ग्रॅम असला, तरी त्या जेवणाचे प्रमाण ४:१ राहिले नाही. मूल जेवले असे आपल्याला वाटते, औषध मात्र कढईत राहिलेले असते. म्हणून छोट्या कढल्यात शिजवून त्यातच जेवू घालणे, सिलिकॉनच्या उलथण्याने कडा निपटणे आणि शेवटचा ओघळ फ्लॉवरच्या एका तुऱ्याने पुसून मुलाच्या तोंडात देणे ही कामे तोलण्याइतकीच महत्त्वाची आहेत. म्हणूनच तो एक तुरा आधीच बाजूला काढून ठेवावा.

मुलाने जेवण अर्धेच टाकले, तर उरलेले तसेच झाकून ठेवून थोड्या वेळाने द्यावे. चरबी बाजूला ठेवून नुसता फ्लॉवर खाऊ देऊ नये. प्रत्येक घासात सगळे घटक यावेत अशा रीतीने कालवलेले जेवण या बाबतीत सुरक्षित असते.

पाचवी पायरी : पहिले पंधरा दिवस

पूर्वी आहाराची सुरुवात एक-दोन दिवसांच्या उपासाने करत. आता त्याची गरज मानत नाहीत. लहान बाळांना बहुधा रुग्णालयात दाखल करून सुरुवात होते. मोठ्या मुलांचे प्रमाण घरीच १:१, २:१ असे टप्प्याटप्प्याने वाढवले जाते. या दिवसांत मळमळ, सुस्ती आणि भूक मंदावणे हे नेहमीचे असते.

कीटोन तपासण्यासाठी लघवीत बुडवायच्या पट्ट्या मिळतात. रंग फिक्या गुलाबीपासून गडद जांभळट होत जातो आणि डबीवरच्या रंगपट्टीशी तो दिलेल्या सेकंदांतच ताडायचा असतो. या पट्ट्या दमटपणाने खराब होतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डबीचे झाकण क्षणभरही उघडे ठेवू नये. बोटातून थेंबभर रक्त घेऊन कीटोन मोजणारे यंत्र अधिक अचूक असते, पण त्याच्या पट्ट्या महाग पडतात. रक्तातील पातळी साधारण २ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर ठेवतात. तुमच्या मुलाची मर्यादा डॉक्टर सांगतील. सुरुवातीला रक्तातली साखरही तपासावी लागते.

कीटोन प्रमाणाबाहेर वाढले, तर श्वास जलद आणि खोल होतो, चेहरा लालसर दिसतो, मूल चिडचिडे किंवा गुंगीत असते, उलट्या होतात. साखर फार उतरली, तर घाम, थरथर आणि निस्तेजपणा दिसतो. दोन्ही वेळी उपाय एकच असतो : डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेइतका, सहसा ३० मिलिलिटर, संत्र्याचा किंवा मोसंबीचा रस द्यावा आणि १५ ते २० मिनिटांनी पुन्हा तपासावे. फरक पडला नाही, तर रुग्णालय गाठावे. मूल गिळू शकत नसेल, तर तोंडाने काहीही न देता थेट रुग्णालयात न्यावे. ही सूचना फ्रिजच्या दारावर, मोठ्या अक्षरात, मराठीत चिकटवून ठेवावी.

सहावी पायरी : लपलेली साखर शोधणे

आधी केलेली औषधांची यादी आता काढावी. मुलांची बहुतेक सिरप गोड असतात : तापाचे, खोकल्याचे, प्रतिजैविकाचे आणि फिटचेही. दिवसातून दोनदा ५ मिलिलिटर सिरप देताना कित्येक ग्रॅम साखर पोटात जाऊ शकते, आणि त्याच वेळी ताटातला फ्लॉवर आपण दशांश ग्रॅममध्ये तोलत असतो. शक्य तिथे गोळी मागून घ्यावी आणि ती कुटून क्रीममध्ये देता येते का हे औषधविक्रेत्याला नव्हे, तर डॉक्टरांना विचारावे, कारण काही गोळ्या कुटायच्या नसतात. ‘शुगर फ्री’ या शब्दांवर विसंबू नये. सॉर्बिटॉल आणि माल्टिटॉल हेही हिशेबात धरावे लागतात. च्यवनप्राश, आसवे आणि अरिष्टे, मध घालून दिलेली चाटणे, टॉनिक आणि चघळायच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या हे सगळे बंद. रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर सलाइन लावणाऱ्या परिचारिकेला मूल कीटोजेनिक आहारावर आहे हे आधी सांगावे. रक्तातील साखर उतरलेली नसेल, तर ग्लुकोजविरहित सलाइन दिले जाते. हे लिहिलेले डॉक्टरांचे पत्र मुलाच्या दप्तरात आणि आईच्या पर्समध्ये अशा दोन्ही ठिकाणी असावे.

सातवी पायरी : घर, शाळा आणि सण

हा आहार मोडतो तो बहुतेक वेळा प्रेमापोटी. आजी आजारी नातवाच्या हातावर बिस्किट ठेवते, शेजारच्या काकू प्रसादाचा पेढा देतात, वर्गात वाढदिवसाचे चॉकलेट वाटले जाते. यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नसतो, म्हणून रागावून उपयोग होत नाही. आजीला तपासणीच्या दिवशी बरोबर न्यावे आणि आहारतज्ज्ञांच्या तोंडून ऐकू द्यावे; त्याहूनही चांगले म्हणजे एका जेवणाचे तोलमाप तिच्याकडे सोपवावे. जी आजी स्वतः काट्यावर २१ ग्रॅम तूप मोजते, ती संध्याकाळी बिस्किट देत नाही.

संक्रांतीला तीळ आणि खोबरे लोण्यात कालवून, डॉक्टरांनी परवानगी दिलेला गोडवा घालून, तोललेली वडी करता येते आणि मूल ती इतरांबरोबर हातात घेऊन ‘तिळगूळ घ्या’ म्हणू शकते. गणपतीत प्रसादाच्या थाळीतच त्याची वेगळी वाटी ठेवावी. आहारावर असलेल्या मुलाला सणाच्या पंगतीतून उठवून वेगळे बसवणे हे मला आहारातल्या कोणत्याही अडचणीपेक्षा अधिक वाईट वाटते. भावंडांसाठी घरात पोळी-भात शिजणारच आणि शिजावाही. मात्र पहिले काही आठवडे सर्वांची जेवणाची वेळ आणि जागा एकच ठेवावी, म्हणजे आपले ताट वेगळे असले तरी आपण वेगळे नाही हे मुलाला कळते.

शाळेत वर्गशिक्षकांना आणि डबा खाताना लक्ष ठेवणाऱ्या मावशींना प्रत्यक्ष भेटावे. डब्यांची अदलाबदल होऊ देऊ नये, वर्गात खाऊ वाटला तर मुलाचा खाऊ घरी पाठवावा आणि त्याऐवजी तुम्ही दिलेल्या डबीतला पदार्थ द्यावा, इतके सांगितले की पुष्कळ होते.

आठवी पायरी : पूरक औषधे आणि दुष्परिणाम

फळे, धान्ये आणि दूध जवळजवळ बंद झाल्यावर जीवनसत्त्वे आणि क्षार बाहेरून द्यावेच लागतात. साखरविरहित मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हे अनिवार्य समजावे. सेलेनियम, मॅग्नेशियम, जस्त किंवा कार्निटिन गरजेनुसार ठरते. मुतखड्याचा धोका कमी व्हावा म्हणून अनेक केंद्रांत पोटॅशियम सायट्रेट देतात. फिटच्या औषधांपैकी टोपिरामेट किंवा झोनिसामाइड चालू असेल, तर रक्तातील आम्लता आणि खडे या दोन्हींकडे अधिक लक्ष द्यावे लागते. व्हॅल्प्रोएट चालू असेल, तर कार्निटिनकडे.

बद्धकोष्ठता बऱ्याच मुलांना होते. पाणी भरपूर द्यावे; पाणी कमी ठेवण्याची जुनी पद्धत आता सोडून दिली आहे. हिशेबात बसणारी पालेभाजी आणि जवस वाढवूनही पोट साफ होत नसेल, तर औषध मागून घ्यावे. अंगावर काढू नये. उंची आणि वजन दर भेटीत नोंदवून घ्यावे, कारण दीर्घकाळ आहारावर असलेल्या काही मुलांची वाढ मंदावते. रक्तातील चरबी वाढू शकते आणि हाडे ठिसूळ होऊ शकतात. तपासणीच्या भेटी साधारणपणे पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि बाराव्या महिन्यात असतात.

नववी पायरी : आजारपण आणि फिट

ताप, जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्या की चरबीचा आग्रह थांबवावा आणि मुलाला साखरविरहित पातळ पदार्थ घोट-घोट द्यावेत. ओआरएसमध्ये ग्लुकोज असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एका लिटरात १३.५ ग्रॅम. तरीही जुलाबाने मूल सुकत चालले असेल, तर आहार मोडेल म्हणून ओआरएस नाकारू नये. पाणी कमी पडून मुलाचा जीव धोक्यात येऊ शकतो; मोडलेला आहार मात्र पुन्हा सुरू करता येतो. डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा.

आहार चालू असतानाही फिट येऊ शकते. आली, तर मुलाला कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी असे काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने फिट थांबत नाही. त्यात मोलाचा वेळ जातो. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, तर डॉक्टरांनी दिलेला मिडाझोलमचा नाकातील फवारा सांगितलेल्या मात्रेत द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आहार सुरू झाला म्हणून अपस्माराचे कोणतेही औषध मनाने कमी करू नये. अचानक बंद केलेल्या औषधाने न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात.

एखाद्या मुलाच्या फिट कित्येक आठवडे थांबून एकाएकी परत आल्या, तर आहार निष्फळ ठरला असे मानण्याआधी मागचे दोन दिवस तपासावेत. नवे सिरप सुरू झाले का, क्रीमचा ब्रँड बदलला का, काट्याचे सेल उतरले का, कोणाकडे राहायला गेलो होतो का, ताप येऊन गेला का. उत्तर बहुधा यांतच सापडते.

दहावी पायरी : पुढे चालू ठेवायचे की थांबायचे

आहाराला किमान तीन महिने द्यावेत. काही मुलांत फरक पहिल्या दोन आठवड्यांतच दिसतो, काहींत हळूहळू. तीन महिन्यांनी आधीची आणि नंतरची वही शेजारी-शेजारी ठेवून डॉक्टरांसमोर बसावे. फिटच्या संख्येबरोबर मुलाची जाग, नजर, झोप आणि शाळेतले लक्ष हेही सांगावे, कारण पुष्कळ पालकांना पहिला बदल तिथे जाणवतो. फरक नसेल, तर आहार थांबवण्यात कमीपणा नाही. फरक चांगला असेल, तर डॉक्टर एकेक औषध कमी करू लागतात, आणि आहार साधारण दोन वर्षे चालवतात. ग्लुट-१च्या आजारात तो याहून बराच जास्त काळ चालू ठेवावा लागतो.

थांबवतानाही उतरण हळूहळू असावी. ४:१ वरून ३:१, तिथून २:१, असे काही आठवड्यांच्या अंतराने प्रमाण खाली आणतात, कीटोन नाहीसे होईपर्यंत तोलणे चालूच ठेवतात आणि मग पिष्टमय पदार्थ थोडे थोडे वाढवतात. पहिल्यांदा अर्धी चतकोर पोळी, तीही मोजून. प्रत्येक उतारानंतर फिटची वही चालू ठेवावी. मधल्या कोणत्याही टप्प्यावर फिट वाढल्या, तर त्याच दिवशी केंद्राला कळवावे. अशा वेळी बहुधा आधीच्या प्रमाणावर परत जातात आणि काही महिने तिथेच थांबतात.